टाकीतला दिवा मंद करताना

घरी माशांची टाकी ठेवणाऱ्यांकडून हल्ली एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. "जुनी ट्यूबलाइट काढून एलईडीचा मोठा दिवा बसवला. पहिले काही दिवस टाकी झकास दिसली. मग काचेवर हिरवा थर धरायला लागला, झाडांच्या पानांवर केसाळ शेवाळ आलं आणि मासे दगडाआड जाऊन बसले. दिवा महागाचा आहे, टाकवत नाही. त्याचा प्रकाश कमी कसा करायचा? मध्ये पंख्याचा रेग्युलेटर लावला तर चालेल का?"

रेग्युलेटर चालणार नाही. पण तो का चालत नाही आणि त्याऐवजी काय लावावं, हे समजायला एलईडी पेटते कशी इथपासून सुरुवात करावी लागते. त्यासाठी दहावीपर्यंतचं विज्ञान आणि साधा गुणाकार-भागाकार पुरेसा आहे.

१. प्रकाश जास्त झाला तर बिघडतं काय?

पाण्यातल्या वनस्पतींना वाढायला प्रकाश, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रेट, फॉस्फेट, पोटॅशसारखी खतं लागतात. यांतली जी गोष्ट सगळ्यांत कमी असेल, तिच्यापाशी वाढ अडते. घरगुती टाकीला बहुधा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडलेला नसतो. हवेतून पाण्यात विरघळेल आणि माशांच्या श्वासातून येईल तेवढ्यावरच झाडांना भागवावं लागतं. अशा टाकीत दिवा दुप्पट केला तरी झाडं दुप्पट वाढत नाहीत. उरलेला प्रकाश शेवाळाच्या पथ्यावर पडतो, कारण त्याच्या गरजा थोड्या असतात आणि काच, वाळू, जुनी पानं असं कुठंही ते धरतं.

माशांचं दुखणं वेगळं. बहुतेक माशांना पापण्या नसतात आणि त्यांच्या डोळ्याची बाहुली आपल्यासारखी पटकन लहान-मोठी होत नाही. उजेड वाढला की त्यांच्या दृष्टिपटलातलं रंगद्रव्य आणि प्रकाश टिपणाऱ्या पेशी हळूहळू जागा बदलतात. हा बदल पूर्ण व्हायला वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ जातो. अंधाऱ्या खोलीत सकाळी एकदम दिवा लागला की निऑन टेट्रा सैरावैरा पळतात, काचेवर आदळतात, तो याचाच परिणाम.

म्हणजे मंद करण्याच्या सोयीचे उपयोग दोन. दिवसभराचा प्रकाश झाडांना पचेल इतका ठेवता येतो, आणि दिवा लागताना-मालवताना माशांना सावरायला वेळ मिळतो.

२. एलईडीचा हिशेब प्रवाहाचा

तारेचा जुना बल्ब सोशिक होता. विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, थोडा कमी केला की तार कमी तापायची आणि उजेड कमी व्हायचा. एलईडी हा डायोड आहे. ठरावीक दाबाच्या खाली ती जवळजवळ काहीच प्रवाह जाऊ देत नाही आणि तो दाब ओलांडला की एकदम दार उघडते. हा दाब प्रकाशाच्या रंगावर ठरतो. तांबड्या एलईडीला सुमारे २ व्होल्ट पुरतात, निळ्या एलईडीला साधारण ३ लागतात. टाकीवरची पांढरी एलईडी मुळात निळीच असते. तिच्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा लेप असतो आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. म्हणून तिलाही ३ व्होल्टच लागतात. घराघरात पोचलेले हे पांढरे दिवे ज्या निळ्या एलईडीमुळे शक्य झाले, तिच्या शोधासाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

अडचण त्या तीन व्होल्टच्या आसपास आहे. तिथे एक-दोन दशांश व्होल्टच्या फरकाने प्रवाह दुप्पट होऊ शकतो. शिवाय एलईडी तापली की तिला लागणारा दाब कमी होतो. दाब आपण तोच ठेवला, तर तापलेल्या एलईडीतून प्रवाह वाढतो, त्यामुळे ती आणखी तापते आणि प्रवाह आणखी वाढतो. हे चक्र थांबवलं नाही तर एलईडी जळते.

म्हणून हाय-पॉवर एलईडीला थेट अॅडॅप्टर जोडत नाहीत, मध्ये 'ड्रायव्हर' लावतात. ड्रायव्हरचं काम एकच: पुढे दाब कितीही लागो, प्रवाह ठरल्याइतकाच राहिला पाहिजे. १ वॉटच्या एलईडीसाठी हा प्रवाह बहुधा ३५० मिलिअँपिअर असतो. '३ वॉटची' म्हणून विकल्या जाणाऱ्या एलईडीला ७०० मिलिअँपिअर देण्याची पद्धत आहे. त्या प्रवाहावर ती ३.१ व्होल्ट घेत असेल, तर तिचे खरे वॉट होतात ३.१ × ०.७, म्हणजे २.२ च्या आसपास. दुकानातल्या पाटीवरचे वॉट आणि खरे वॉट यांत फरक पडतो तो असा.

३. मग पंख्याचा रेग्युलेटर का नको?

इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर २३० व्होल्टच्या विजेच्या प्रत्येक लाटेचा काही भाग कापून टाकतो. पंख्याला किंवा जुन्या बल्बला ते चालतं. ड्रायव्हरला मात्र आत येणारी वीज कमी झाली तरी बाहेरचा प्रवाह तोच ठेवण्यासाठी बनवलेलं असतं. रेग्युलेटर वीज कापतो आणि ड्रायव्हर तूट भरून काढत राहतो. नॉब बराच फिरवला तरी उजेडात फरक पडत नाही. पुढे कुठेतरी ड्रायव्हरला तूट भरणं जमेनासं होतं, मग दिवा फडफडतो, गुणगुणतो किंवा बंद पडतो. असं रोज होत राहिलं तर ड्रायव्हर जातो.

भिंतीवरच्या डिमरसाठी मुद्दाम बनवलेले ड्रायव्हर मिळतात, त्यांच्यावर तसं स्पष्ट छापलेलं असतं. छापलेलं नसेल तर तो डिमरवर चालत नाही असं धरावं. प्रकाश कमी करायची जागा ड्रायव्हरच्या आधीच्या तारेत नाही. ती ड्रायव्हरमध्येच असते, आणि त्यासाठी त्याला वेगळ्या बारीक तारा दिलेल्या असतात.

४. कमी करण्याचे दोन मार्ग

शेतात ठिबकने पाणी कमी द्यायचं असेल तर दोन गोष्टी करता येतात. व्हॉल्व्ह निम्मा बंद करून मोटर पूर्ण वेळ चालवायची, किंवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून मोटर निम्माच वेळ चालवायची. दोन्हीकडे पिकाला पाणी निम्मंच मिळतं. एलईडी मंद करण्याचे मार्गही हे दोनच आहेत.

पहिल्या मार्गात प्रवाहच कमी होतो. ७०० मिलिअँपिअरच्या जागी ३५० वाहू लागले की प्रकाश जवळजवळ निम्मा होतो. याला अॅनालॉग डिमिंग म्हणतात. अशा ड्रायव्हरला बहुधा '०-१० व्होल्ट' असं लिहिलेल्या दोन बारीक तारा असतात. त्यांच्यावर १० व्होल्ट असले तर पूर्ण उजेड, ५ असले तर निम्मा. अनेक ड्रायव्हरना तर या दोन तारांमध्ये १०० किलोओहमचा साधा नॉब जोडला तरी काम होतं. आपल्या ड्रायव्हरला कोणता नॉब चालतो ते त्याच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. या मार्गात उजेड अखंड राहतो, लुकलुक नसते, आणि कमी प्रवाहावर एलईडी प्रत्येक वॉटमागे थोडा जास्त प्रकाश देते. उणीव तळाशी आहे. पूर्ण उजेडाच्या १० टक्क्यांखाली बऱ्याच ड्रायव्हरचा भरवसा नसतो, ते अचानक बंद होतात किंवा तिथेच अडतात.

दुसऱ्या मार्गात एलईडीला प्रवाह पूर्णच मिळतो, पण तो सेकंदात शेकडो वेळा चालू-बंद होतो. प्रत्येक फेरीत चालू असण्याचा वेळ निम्मा ठेवला तर प्रकाश निम्मा, दहावा हिस्सा ठेवला तर दहावा हिस्सा. याला पल्स विड्थ मॉड्युलेशन, थोडक्यात पीडब्ल्यूएम म्हणतात. यात एक-दोन टक्क्यांपर्यंत नीट खाली येता येतं आणि मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डाला हे काम सहज जमतं. छंदी लोकांमध्ये रुळलेला मीन वेलचा एलडीडी-७००एच ड्रायव्हर १०० ते १००० हर्ट्झचा पीडब्ल्यूएम घेतो. अर्डुइनो उनो बोर्डाच्या बहुतेक पीडब्ल्यूएम पिना सुमारे ४९० हर्ट्झचा संकेत देतात, म्हणजे दोघांचं जुळतं. सेकंदाला पाचशे वेळा होणारी ही उघडझाप आपल्याला जाणवत नाही. फोनचा कॅमेरा टाकीसमोर धरला तर पडद्यावर कधी कधी आडवे पट्टे सरकताना दिसतात, ती हीच उघडझाप. त्यात दिव्याचा दोष नाही.

इथे एक घोटाळा टाळायचा आहे. चिकटवायच्या १२ किंवा २४ व्होल्टच्या एलईडी पट्ट्यांमध्ये प्रवाह रोखणारे रेझिस्टर आधीच बसवलेले असतात. त्यांच्यासाठी अॅडॅप्टर आणि पट्टी यांच्या मध्ये लावायचा छोटा पीडब्ल्यूएम डिमर स्वस्तात मिळतो आणि उत्तम चालतो. तोच डिमर हाय-पॉवर एलईडीच्या ड्रायव्हरपुढे लावला तर ड्रायव्हर आणि एलईडी दोन्ही धोक्यात येतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत खरेदीला जाण्याआधी आपल्या दिव्यात पट्टी आहे की ड्रायव्हरवर चालणारी पॉवर एलईडी, हे झाकण उघडून पाहून घ्यावं.

५. डोळ्याला दिसतं ते आणि झाडाला मिळतं ते

पीडब्ल्यूएम ५० टक्क्यांवर आणला तरी टाकी निम्मी अंधारलेली दिसत नाही. "काहीच फरक पडला नाही," असं घरातलं कोणीतरी म्हणतंच. याचं कारण आपल्या डोळ्यात आहे. डोळा प्रकाशाची मोजणी सरळ पट्टीने करत नाही. मंद उजेडातला लहानसा फरकही त्याला कळतो, प्रखर उजेडातला मोठा फरक कळत नाही. कामापुरता एक ढोबळ नियम असा: डोळ्याला जितक्या पट उजेड भासवायचा असेल, त्या संख्येचा वर्ग करा, म्हणजे दिवा किती ठेवायचा ते कळतं. टाकी निम्म्या उजेडाची दिसायला हवी असेल, तर ०.५ × ०.५ = ०.२५, म्हणजे दिवा २५ टक्क्यांवर हवा. उलट बाजूने, दिवा ५० टक्क्यांवर असेल तर टाकी सुमारे ७० टक्के उजळ दिसते.

झाड मात्र प्रकाशाचे कण मोजतं. दिवा ५० टक्क्यांवर आणला की झाडाला आणि शेवाळाला मिळणारा प्रकाश खरोखर निम्मा होतो, आपल्याला तसं भासो वा न भासो. म्हणून दिवसाचा उजेड किती ठेवायचा हे टक्क्यांवर ठरवावं, नजरेवर नाही. पहाट-संध्याकाळचा उतार मात्र नजरेच्या हिशेबाने आखावा.

६. एक पूर्ण हिशेब

तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकी घेऊ. सेंटिमीटरमध्ये ती साधारण ९० × ३० × ३८ होते, म्हणजे काठोकाठ १०२ लिटर. वाळू, दगड आणि वर सोडलेली रिकामी जागा वजा केली तर पाणी उरतं ८८ लिटरच्या आसपास.

तिच्यावर पांढऱ्या १२ एलईडी एका ओळीत, म्हणजे एकीचा धन दुसरीच्या ऋणाला अशा जोडल्या. लागणारा दाब १२ × ३.१ = ३७.२ व्होल्ट. प्रवाह ०.७ अँपिअर. एकूण २६ वॉट. यासाठी ४८ व्होल्टचा, किमान १ अँपिअरचा डीसी पॉवर सप्लाय आणि ७०० मिलिअँपिअरचा एलडीडी ड्रायव्हर पुरतो. हा ड्रायव्हर मिळालेल्या दाबाहून किमान ३ व्होल्ट कमी देतो, म्हणजे ४५ व्होल्टपर्यंत. आपल्याला ३७ हवेत, म्हणजे भागतं.

आता प्रकाश. दिव्यातून निघणारा एकूण प्रकाश लुमेनमध्ये मोजतात. चांगली पांढरी एलईडी एका वॉटमागे सुमारे १०० लुमेन देते असं धरलं, तर पूर्ण उजेडात २६०० लुमेन होतात आणि दर लिटरला जवळजवळ ३० मिळतात. छंदी लोकांचा अनुभवाचा ठोकताळा असा आहे की जावा फर्न, अनुबियस, क्रिप्टोकोरीन अशा कमी उजेडाच्या वनस्पतींना लिटरमागे १० ते २० लुमेन पुरतात. २० ते ४० लुमेनमध्ये मध्यम गरजेच्या वनस्पती येतात. त्यापुढे जायचं तर कार्बन डायऑक्साइडची सोय हवी. आपण १५ घेतले तर ८८ × १५ = १३२० लुमेन, म्हणजे दिवा ५० टक्क्यांवर हवा. पूर्ण ताकदीने लावलेला हाच दिवा या टाकीत शेवाळ वाढवतो.

वीज किती? निम्म्या उजेडात दिवा आणि सप्लाय मिळून साधारण १५ वॉट घेतात. रोज ८ तास लावला तर १२० वॉट-तास, म्हणजे महिन्याला चार युनिटांच्या आत. दिवा मंद केला की उष्णताही कमी होते, आणि कमी तापलेली एलईडी जास्त वर्षं टिकते. तरीही अॅल्युमिनियमचं हीटसिंक पूर्ण ताकदीचा हिशेब धरूनच लावावं.

७. पहाट, संध्याकाळ आणि चांदणं

महाराष्ट्राच्या अक्षांशावर सूर्य उगवण्याआधी साधारण २२ ते २५ मिनिटं कामापुरतं दिसेल असा संधिप्रकाश असतो. टाकीतली पहाट अर्ध्या तासाची धरली तर ती या निसर्गक्रमाच्या जवळ जाते.

हा अर्धा तास दहा पायऱ्यांत वाटू, दर तीन मिनिटांनी एक. वर्गाचा नियम लावला तर पायऱ्या होतात १, ४, ९, १६, २५, ३६, ४९, ६४, ८१ आणि १०० टक्के. हे टक्के आपण ठरवलेल्या कमाल उजेडाचे आहेत. कमाल ५० टक्के असेल तर प्रत्येक आकडा निम्मा करायचा. सरळ १०, २०, ३० असं वाढवलं तर पहिल्याच पायरीला टाकी एकदम उजळते आणि शेवटच्या पायऱ्या कळतही नाहीत. सोप्या बोर्डांवर उजेडाचे टप्पे ० ते २५५ असतात. त्यात १ वरून २ वर जाणं म्हणजे प्रकाश एकदम दुप्पट होणं, म्हणून अगदी तळाशी बारीक झटके दिसतात. ते टाळायचे असतील तर ४०९६ टप्पे देणारा १२ बिटचा पीडब्ल्यूएम बोर्ड घ्यावा.

निळसर 'चांदण्याचा' मोह बऱ्याच जणांना होतो. भर दुपारच्या उन्हात १ लाख लक्स (दर चौरस मीटरवर पडणारे लुमेन) प्रकाश असतो, पौर्णिमेच्या चांदण्यात ०.१ ते ०.३ लक्स. आपल्या टाकीचा दिवा एका टक्क्यावर ठेवला तरी तो खऱ्या पौर्णिमेच्या शंभर पटींहून प्रखर भरतो. रात्री मासे बघायचे असतील तर तासभर एकच बारीक एलईडी लावा आणि नंतर पूर्ण अंधार करा. माशांना काळोखाची गरज आहे.

८. पाणी आणि वीज शेजारी असताना

या भागात कसलीही सवलत नाही. टाकीच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग हवंच. पॉवर सप्लाय आणि ड्रायव्हर टाकीच्या वर किंवा झाकणात ठेवू नयेत, बाजूला भिंतीवर लावावेत. प्रत्येक वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोळ घेऊन मग वर जाऊ द्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाशी ठिबकतं, सॉकेटात शिरत नाही. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढावा. ४८ व्होल्ट ओल्या हातांना निर्धोक नसतात.

जोडणीबद्दल दोन सूचना. ड्रायव्हर चालू असताना एलईडीची तार काढू-लावू नये. तार सुटली की ड्रायव्हर दाब चढवत नेतो, आणि ती पुन्हा टेकताच तो सगळा झटका एलईडीवर येतो. आणि एलडीडी प्रकारात सप्लायची ऋण तार व एलईडीची ऋण तार एकमेकींना कधीही जोडू नये, कारण या ड्रायव्हरमध्ये त्या वेगळ्याच राहायला हव्यात. सोल्डरिंगचा सराव नसेल तर हे काम जाणत्या माणसाकडून करून घ्यावं.

ज्यांना यातलं काहीच करायचं नाही, त्यांनाही प्रकाश कमी करता येतो. दिवा वीतभर वर टांगा, दोन पट्ट्या असतील तर एकच लावा, किंवा पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पती सोडा. पहाटेचा धक्का टाळायला टाकीचा दिवा लागण्याआधी अर्धा तास खोलीतला दिवा लावला तरी पुष्कळ फरक पडतो. मात्र टाकी खिडकीच्या उन्हात असेल तर आधी ती हलवा. तिथे कोणत्याही डिमरचा उपयोग नाही.

९. शेवटी किती ठेवायचा?

हिशेब सुरुवातीचा आकडा देतो, शेवटचा आकडा टाकीच ठरवते. नव्या टाकीत हिशेबाने आलेल्या आकड्याच्या थोडं खालूनच सुरुवात करा. आपल्या उदाहरणात ती ४० टक्क्यांची होईल. रोज सहा ते आठ तास दिवा ठेवा आणि दोन आठवडे नॉबला हात लावू नका. मग जवळून पाहा. झाडांच्या दोन पानांमधलं अंतर वाढत असेल, खोड उंच आणि विरळ होत असेल, तर प्रकाश कमी पडतो आहे, १० टक्क्यांनी वाढवा. काच पुसल्यावर दोन-तीन दिवसांत पुन्हा हिरवी होत असेल किंवा जुन्या पानांच्या कडांना केसाळ शेवाळ धरत असेल, तर १० टक्क्यांनी कमी करा. नवी पानं आखूड अंतराने येत असतील आणि काच आठवडाभर स्वच्छ राहत असेल, तर तोच तुमचा आकडा. तो टाकीच्या बाजूला लिहून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रकाश, खत आणि खाणं एकदम बदललं तर कशाचा गुण आला ते कधीच कळत नाही.

ताकदवान दिवा घेण्यात चूक काही नाही, कारण झाडं वाढली की तीच ताकद उद्या कामी येते. आज मात्र तो आपल्या टाकीला सोसेल तेवढाच लावा.